विना मेण

१ फेब्रुवारी, शनिवार

मोठा शब्दकोश कपाटात नाही.

म्हणून ही वही. निवृत्त झाल्यापासून रोजनिशी लिहिली नव्हती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय, आणि या घरात काय चाललंय याची तारीखवार नोंद कुणीतरी ठेवलेली बरी.

आमच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं होताहेत. याच शाळेत मी शिकले आणि याच शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सोळा तारखेला माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे आणि त्यात मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षांना दहा मिनिटं! असो. विषय मी फोनवरच सांगून टाकला : 'सिन्सिअर' या शब्दाची जन्मकथा. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला ती पाठ आहे. रोममधले लबाड मूर्तिकार संगमरवराला पडलेल्या चिरा मेणाने बुजवायचे आणि मूर्ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. उन्हात मेण वितळलं की देवाचं नाक गळून पडायचं. म्हणून सचोटीचे मूर्तिकार दुकानावर पाटी लावू लागले, 'सिने सेरा'. लॅटिनमध्ये सिने म्हणजे विना आणि सेरा म्हणजे मेण. विना मेण. त्यावरून सिन्सिअर : ज्याच्यात बुजवाबुजवी नाही असा, आतून-बाहेरून खरा. मला हे आमची शाळा चालवणाऱ्या मदरनी शिकवलं. त्याच मदर दर शनिवारी आमच्याकडून व्हरांड्याच्या फरशा मेण लावून घासून घेत, ते सोडा.

मेळाव्यात शब्दकोश हातात घेऊन उभं राहायचं ठरवलं होतं. हातात वजन असलं की आवाजालाही वजन येतं. घ्यायला गेले तर कपाटात दोन मुठी मावतील एवढी पोकळी.

"बाइंडिंगला दिलाय, आई," सूनबाई म्हणाली. "पाठ सुटली होती ना त्याची."

पाठ सहा वर्षांपूर्वी सुटली. कळवळा आज आला.

त्या कोशात मी पाहिलेल्या प्रत्येक शब्दासमोर समासात पेन्सिलीने तारीख घातलेली आहे. पंचेचाळीस वर्षांची सवय. सिन्सिअरसमोर मात्र तारीख नसणार. तो शब्द मला कधी पाहावाच लागला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईबद्दल थोडं लिहून ठेवते. ती माझीच विद्यार्थिनी, खिडकीकडचा तिसरा बाक. माझ्या मुलाने तिला घरी आणली तेव्हा मी म्हटलं, ही तर नववी ब! लग्नानंतर वर्षभर ती मला 'टीचर' म्हणायची आणि मग जीभ चावून 'आई'. आता औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं तपासायचं काम करते, घरूनच, खोलीचं दार लावून. "एक शब्द चुकला तर माणूस जाईल," असं सांगते. हुशार आहे. हुशार माणसांवरच नजर ठेवावी लागते. बावळट माणसं काय करताहेत ते आपोआप कळतं.

दुपारी मेळाव्याच्या सेक्रेटरीचा फोन आला. हिला आम्ही 'डस्टर' म्हणायचो, कारण फळा पुसायला सगळ्यांच्या आधी हीच धावायची.

"टीचर, शब्द दुसरा घेऊ या का?"

"का?"

"नाही, म्हणजे, हा सगळ्यांना माहीत आहे ना."

"वाढदिवसाचं गाणंही सगळ्यांना माहीत असतं. दर वर्षी नवीन लिहितेस का?"

"नाही टीचर."

"मग?"

"ते, प्रमुख पाहुण्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. म्हणून म्हटलं."

"उत्तम. त्यांनाही काहीतरी शिकायला मिळेल."

"मी तिला म्हटलंच होतं, तुम्ही ऐकणार नाही म्हणून."

"कुणाला?"

तिला अचानक माझा आवाज येईनासा झाला. "हॅलो, हॅलो" करत फोन ठेवला. फळा पुसावा तसा विषय पुसला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाकघरात मुलगा आणि सून कुजबुजत होते. मी गेले तर दोघांच्या तोंडात गुळणी. मुलगा मला म्हणाला, "आई, चष्म्याचा नंबर तपासून घेऊ या का?" त्याला काही लपवायचं असलं की तो माझ्या तब्येतीकडे वळतो. लहानपणी प्रगतिपुस्तक आणायचा तेव्हा माझं डोकं दुखतंय का विचारायचा.

माझा तर्क लिहून ठेवते. सूनबाईला माझ्या जागी बोलायचं आहे. माझा विषय पाडायचा, मी रागाने 'जा, येतच नाही' म्हणायचं, आणि त्या दहा मिनिटांत ही उभी. शब्दकोश आधीच हलवला, म्हणजे मला नवीन शब्दाची तयारीही करता येऊ नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार

या शब्दावरून पूर्वी एकदाच वाद झाला होता. तीस वर्षं झाली. नववीच्या सहामाहीत मी प्रश्न घातला : सिन्सिअर शब्दाची उत्पत्ती सांगा. चाळीस जणींनी मेण लिहिलं. एकीने लिहिलं की मेणाची गोष्ट मागाहून रचलेली आहे. मूळ लॅटिन शब्द 'सिन्सेरस', त्याचा अर्थ शुद्ध, निर्भेळ, सबंध. कुणाच्या तरी घरचं पुस्तक वाचून आली होती. मी शून्य दिलं. वर तिने हात वर करून विचारलं की का. वर्गात असं चालू दिलं तर उद्या खडूही मुलींच्या हातात द्यावा लागेल. मी तिला बाकावर उभं केलं आणि 'विना मेण' पन्नास वेळा म्हणायला लावलं. तिसाव्याला तिचा आवाज बसला. पन्नास झाले मात्र.

नाव लिहायची गरज नाही.

मुलगा म्हणाला, "एवढं आहे तर मोबाइलवर बघ ना त्या शब्दाचं." मी म्हटलं, मोबाइलवर हवामान बघतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईच्या टेबलावर बाइंडरची पावती दिसली. मी शोधत नव्हते. ती अंघोळीला गेली होती आणि टेबल तिथेच होतं.

पावतीवर लिहिलंय : 'सतरा तारखेनंतर द्यावे.'

मेळावा सोळाला!

पाणी मुरतंय म्हणत होते, ते आता पायाला लागलं. उद्या मी स्वतः जाते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

बाइंडरचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि मध्ये बाइंडर, कानावर सुई अडकवलेला. मी पावती दाखवली नाही, नुसतं माझं नाव सांगितलं.

"त्या जाड कोशाच्या बाई का? तो सतराला."

"कोश माझा आहे. मला आज हवा."

"आज कसा देऊ? उसवलाय मी तो. हे बघा."

त्याने फडकं बाजूला केलं. माझा शब्दकोश टेबलावर गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पडला होता. सोळा सोळा पानांची एकेक जुडी, तिला हे लोक फर्मा म्हणतात. कातडं एकीकडे, पानं एकीकडे. पंचेचाळीस वर्षं जो हात न थरथरता उचलला, तो असा उघडावाघडा.

"सतराच का?"

"तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, लवकर झाला तरी देऊ नका. मी म्हटलं, बाई, मी आजवर लवकर काही केलंय का?"

त्याला हसू आलं, मला आलं नाही. म्हटलं, आता आलेच आहे तर त्या एका शब्दासमोर तारीख नाही एवढं त्याच्यासमोर दाखवून द्यावं. का दाखवायचं होतं? बाइंडरला काय त्याचं? पण मी म्हटलं, "एस अक्षराचे फर्मे कुठले?" त्याने काढून दिले. उभ्या उभ्या चाळले. चौथ्या फर्म्यात सापडला.

सिन्सिअर. लॅटिन सिन्सेरस : शुद्ध, निर्भेळ, सबंध. बहुधा 'एक' आणि 'वाढणे' या अर्थांच्या धातूंपासून. एकाच वाढीचं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. मेणाच्या प्रचलित कथेला आधार नाही.

आणि समासात पेन्सिलीने तारीख. माझं अक्षर. साल ते, महिना तो. त्या पोरीला बाकावर उभं केलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.

"बसा, बाई, पाणी देऊ?" बाइंडर म्हणाला.

मी म्हटलं, "हा एक फर्मा मी घेऊन जाते."

"न्या. पण शुक्रवारपर्यंत आणून द्या हं. शनिवारी शिवायला बसणार. एकदा शिवला की मग मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पानं राहिली तर राहिली."

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी विसरले होते का?

हे वाक्य लिहून अर्धा तास बसले आहे. काल उत्तर लिहिलं असतं, हो, विसरले होते, वय झालं. पण मी माझ्या तिसरीतल्या वर्गाची हजेरी अजून ओळीने म्हणू शकते. विसरले नव्हते. त्या पानावर जायचं नाही अशी सवय लावून घेतली होती, आणि सवय पक्की झाली की ती विसरण्यासारखीच दिसते. तिला उभं केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन कोश उघडला, वाचलं, सवयीने तारीख घातली, मिटला. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि पुढचा धडा घेतला. पुढच्या वर्षी नव्या नववीला पुन्हा मेण.

आणि अकरा दिवस मी या वहीत दुसऱ्यांवर संशय घेतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं तर.

सूनबाई जेवायला वाढताना म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता कळलं तिने काय केलं ते. प्राध्यापिकेसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून ती मला त्या शब्दापासून लांब ठेवत होती. शब्दकोश हलवला, डस्टरला गाठलं, नवऱ्याला चष्म्यावर सोडलं. बिचारी. आणि मी तिलाच चोर ठरवत होते.

ठरलं. शब्द तोच. पण खरं सांगायचं, सगळ्यांसमोर. तिला तिचं देणं भर सभेत मिळालं पाहिजे. तिला आधी सांगणार नाही. कळू दे एकदम.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं!

सभागृहात तीनशे बायका. सगळ्या मला मोठ्या झालेल्या दिसल्या आणि कुणीच बदललेली नाही असंही वाटलं. पर्समध्ये तो फर्मा घेऊन मी माइकसमोर उभी राहिले. मूर्तिकार सांगितला, चिरा सांगितल्या, देवाचं नाक गळालं तिथे हशा आला. मग मी नुसतं 'सिने' म्हटलं आणि तीनशे बायका एका सुरात ओरडल्या, "सेरा!"

पहिल्या रांगेतल्या प्राध्यापिका मान खाली घालून हसल्या. ते हसू मी ओळखते. वर्गात एखादी मुलगी चुकीचं उत्तर खूप जोरात देते तेव्हा मी तशीच हसायचे.

मी म्हटलं, "हे खोटं आहे."

त्यांना वाटलं विनोद. परत हसल्या. मग मी फर्मा काढून वाचला. सांगितलं सगळं : शून्य, बाक, पन्नास वेळा, आणि दुसऱ्या दिवशीची तारीख. म्हटलं, "ती मुलगी इथे बसली आहे. आज माझी सून आहे. उभी राहा गं."

ती सातव्या रांगेत होती. उठायला जरा वेळ लागला, पण उठली. टाळ्या थांबेनात. काही जणी डोळे पुसत होत्या. डस्टर तर सरळ रडत होती. प्राध्यापिकांनी येऊन माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, "फार धैर्य लागतं."

येताना सूनबाई गाडीत पुढे बसली, खिडकीतून बाहेर बघत. भारावली असणार. तीस वर्षांचं ओझं उतरलं, वेळ लागतोच.

आज छान झोप लागेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ती चहा ठेवत होती. मी म्हटलं, "झालं ना आता मोकळं?"

"कोण?"

"तू. आपण."

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे वळली, आणि एवढ्या वर्षांनी पुन्हा तिची जीभ घसरली. की घसरली नाही?

"टीचर, तुम्ही मला परत उभं केलंत."

मला समजलंच नाही. "अगं, मी माफी मागत होते!"

"कुणाची? तुम्ही माइककडे बघत होतात." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तेव्हा चाळीस जणी होत्या, काल तीनशे. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत. टाळ्या तुम्हाला मिळाल्या. मला काय मिळालं? आता डस्टर भेटली की मला 'शून्यवाली' म्हणणार, प्रेमाने."

"तू माझी शोभा वाचवायला कोश हलवलास, म्हणून मी..."

"तुमची?" ती हसली. "आई, मी तुमच्यासाठी काहीही केलं नाही. मला ते 'विना मेण' परत ऐकायचं नव्हतं, बस. सातव्या रांगेत बसून तीनशे जणींच्या तोंडून तर नाहीच. म्हणून म्हटलं, कोश हातात नसला तर शब्द तरी बदलाल."

चहा उतू गेला. दोघींनीही गॅसकडे हात नेला नाही. मुलगा येऊन बंद करून गेला. तो अशा वेळी नेमका येतो आणि नेमका जातो.

मग ती म्हणाली, "लग्न झालं त्या वर्षी मी तुमचा कोश उघडला होता. म्हटलं, बघू तर खरं. तारीख पाहिली मी. वीस वर्षं वाट बघतेय, कधी सांगताय. या स्वयंपाकघरात सांगितलं असतंत तरी चाललं असतं. चार शब्द."

खोलीत गेली. दार लावलं. जोरात नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस त्या दारासमोरून ये-जा केली. आज संध्याकाळी टकटक केली. या घरात मी आजवर कुणाच्या दारावर टकटक केलेली नाही.

"या."

ती काम करत होती. मी पाठांतर करून गेले होते. तेही नीट आलं नाही. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मला माहीत होतं."

सहा शब्द झाले. दोन जास्त.

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडेच पाहिलं. दुसरीकडे बघायला तिथे माइक नव्हता. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं," आणि पुन्हा कागदाकडे वळली. मी जायला निघाले तर मागून म्हणाली, "लाइट लावता का जरा? अंधारलंय."

लावला.

'बरं' म्हणजे काय? कोशात त्याचे सगळे अर्थ मिळतील, तिच्या मनातला सोडून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शब्दकोश आला. नवा कणा, नवं कातडं, सोनेरी अक्षरं. उघडला. एस अक्षराच्या मध्येच पानं गायब आहेत, सोळा.

फर्मा माझ्या पर्समध्येच राहिला! मागच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. या धांदलीत साफ विसरले (हे खरोखर विसरले), आणि बाइंडरने सांगितल्याप्रमाणे कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. फोन केला तर म्हणाला, "आता परत उसवायचा म्हणजे पानं फाटतील, बाई. तसाच वापरा. सोळा पानांनी काय होतंय?"

पर्समधून फर्मा काढला. कोपरे दुमडले होते. सूनबाईसमोर धरून म्हटलं, "चिकटवू का आत?"

तिने तो घेतला. ते पान काढून वाचलं, समासातली तारीखही. मग हाताने दुमडलेले कोपरे सरळ केले.

"राहू दे माझ्याकडे," म्हणाली.

काय करणार आहे त्याचं, विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

कोडं सोडवताना 'सिनिस्टर' हा शब्द आला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'डावा' असा आहे, हे मला मदरनी सांगितलं होतं. मदरनी सांगितलेलं आता मी तपासून घेते. कोश उघडला आणि आठवलं, तो शब्द त्या सोळा पानांत आहे.

दारावर टकटक केली.

"कोण?"

या घरात टकटक करणारं दुसरं आहे कोण? पण म्हटलं, "मी. एक शब्द बघायचा होता."

"दोन मिनिटं, आई."

आज दोन मिनिटांची सहा झाली. गुरुवारी आठ झाली होती. आत कागदाची फडफड नाही, की-बोर्डचा आवाज नाही. काम काही चाललेलं नसतं. मग दार उघडते, फर्मा माझ्या हातात देत नाही. स्वतःच पान काढते, आणि उंबऱ्यात उभी राहून सावकाश वाचून दाखवते, आणि मी ऐकते. आज वाचून झाल्यावर टेबलावरची पेन्सिल उचलून समासात आजची तारीख घातली. तिच्या अक्षरात.

ती मला मुद्दाम थांबवते असा माझा दाट संशय आहे.

मी थांबते.